विद्युतदर्शीच्या पट्ट्या उघड्या राहत नाहीत, चूक कुठे?

तारादूत:
आठवीच्या मुलांसाठी विद्युतदर्शी (वस्तूवर विद्युत प्रभार आहे का ते दाखवणारं उपकरण) केली आहे. काचेची बरणी, पुठ्ठ्याचं झाकण, त्यातून खाली सोडलेली तांब्याची तार, खालच्या आकड्याला ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन पट्ट्या. लोकरीवर घासलेला फुगा जवळ आणला की पट्ट्या फाकतात, लांब नेला की मिटतात. फुगा तारेला टेकवला तरी तेच. प्रभार टिकत का नाही?

ऋणभार:
जवळ आणल्यावर फाकणं आणि लांब नेल्यावर मिटणं हा बिघाड नाही, हे प्रवर्तन आहे. फुग्यावर ऋणप्रभार असतो. तो तारेतले इलेक्ट्रॉन खाली पट्ट्यांकडे ढकलतो; फुगा हलला की ते परत जागेवर. तारेत बाहेरून काहीच आलेलं नसतं.

टेकवूनही फरक पडत नाही, कारण रबर विद्युतरोधक आहे. जिथे स्पर्श झाला तेवढ्याच ठिपक्यावरचा प्रभार तारेत उतरतो. फुगा तारेवरून सावकाश फिरवा, म्हणजे बराच भाग टेकेल.

पण खरा संशय पुठ्ठ्यावर आहे. पुठ्ठा हवेतला ओलावा धरतो आणि प्रभार त्यातून गळतो. प्लॅस्टिकचं झाकण घ्या, तार स्ट्रॉच्या तुकड्यातून न्या आणि फटीत मेणबत्तीचं मेण ओता. वरचं टोक अणकुचीदार ठेवू नका, तिथून प्रभार हवेत निसटतो. गोल वळवा किंवा फॉइलचा दोनेक सेंटिमीटरचा गोळा घट्ट बसवा.

कुठली वस्तू गळते हे विद्युतदर्शीच सांगते. झाकण बदललं की पट्ट्या उघड्या राहतील. मग हातात पुठ्ठा धरून गोळ्याला लावा, पट्ट्या खाली येतील. न घासलेली कोरडी प्लॅस्टिकची पट्टी लावा, फारसा फरक पडणार नाही. मुलांसाठी हा प्रयोग मूळ प्रयोगापेक्षा सरस आहे.

गोळाबेरीज:
प्रवर्तनानेच कायमचा प्रभार देता येतो, फक्त क्रम चुकवू नका. फुगा जवळ धरा (टेकवायचा नाही). तो तसाच ठेवून दुसऱ्या हाताचं बोट गोळ्याला लावा, पट्ट्या मिटतील. आधी बोट काढा, मगच फुगा. पट्ट्या पुन्हा फाकतील आणि तशाच राहतील. फुगा आधी काढलात तर बोटातून इलेक्ट्रॉन परत येतात आणि सगळं शून्य.

बोटातून धनप्रभार आत आला का, असं एखादं मूल विचारतंच. नाही, इलेक्ट्रॉन बाहेर गेले. धातूत हलतात ते इलेक्ट्रॉनच. पडताळा हवा असेल तर तोच फुगा हळूहळू जवळ आणा. पट्ट्या आधी मिटायला लागतील. ऋणप्रभार दिलेला असता तर आणखी फाकल्या असत्या.

तारादूत:
झाकण बदललं, आता टिकतंय. पण एक पट्टी तिरकीच राहते.

ऋणभार:
फॉइल कापताना वळली असेल. कागदाच्या घडीत ठेवून नखाने सपाट करा. पट्टी साधारण ४ सेंमी लांब, अर्धा सेंमी रुंद पुरे. पट्टीतलं भोक तारेपेक्षा सैल हवं, नाहीतर पट्टी अडकते. मोटरच्या गुंडाळीतली तार असेल तर तिच्यावर विद्युतरोधक लेप असतो. आकडा आणि वरचं टोक पॉलिश पेपरने घासा. आणि हे उपकरण घरातल्या प्लगला लावून बघायचं नाही, हे मुलांना आधीच बजावा.