'अधीन असणे', 'आज्ञा मानणे' आणि 'मान राखणे'

विचारणा:
बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे. प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये मात्र पेत्र आणि येशूचे इतर प्रेषित यहूदी न्यायसभेला तोंडावर सांगतात, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. अधीन असणे म्हणजेच आज्ञा मानणे असेल, तर या दोन वचनांची सांगड कशी घालायची?

उत्तर:
दोन्हीकडची ग्रीक क्रियापदे वेगळी आहेत. पौलाचा शब्द 'हुपोतासो'. 'हुपो' म्हणजे खाली, 'तासो' म्हणजे क्रमाने लावणे. एखाद्या व्यवस्थेत आपली जागा ओळखून राहणे, असा त्याचा रोख. सांगितलेले करणे यासाठी 'हुपाकुओ' आहे. त्याच्या पोटात 'ऐकणे' आहे. 'मूल ऐकत नाही' म्हणताना आपण ज्या अर्थाने म्हणतो तेच. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे (इफिसकरांस ६:१), तिथे हाच शब्द येतो. त्याच पत्रात ५:२१ मध्ये 'एकमेकांच्या अधीन असा' म्हटले आहे, तिथे पुन्हा हुपोतासो. सगळ्यांनी सगळ्यांचे हुकूम पाळायचे, असा याचा अर्थ लागत नाही. एकमेकांसाठी मागे सरायचे, असा लागतो.

मराठीत 'अधीन' म्हटले की 'पराधीन' आठवते आणि वचन आहे त्याहून कडक वाटू लागते. तरी मी हा शब्द बदलणार नाही. नम्रतेची जी बाजू त्यात आहे, ती 'सहकार्य' वगैरे शब्दांत उरत नाही.

दुसरा प्रश्न:
पण तीताला पत्र ३:१ मध्ये अधीन असणे आणि आज्ञा मानणे शेजारी शेजारीच आले आहेत ना?

उत्तर:
आले आहेत, आणि ते महत्त्वाचे आहे. तिथला दुसरा शब्द 'पेइथार्खेओ', अधिकाऱ्याचे मानणे. कृत्ये ५:२९ मध्ये प्रेषितांनी देवाविषयी वापरलेले क्रियापदही हेच! म्हणून 'अधीन राहा, पण आज्ञा मानली नाही तरी चालेल' अशी पळवाट शब्दार्थातून काढता येत नाही. अधिकाऱ्याची आज्ञा मानणे ही नेहमीची वाट. ती आज्ञा देवाच्या आज्ञेच्या आड येते तेव्हाच प्रेषित थांबतात. तरीही ते पळून जात नाहीत, फटके सोसतात.

पहिले पेत्र २:१७ तर प्रत्येक शब्द तोलून वाचावा: सर्वांना मान द्या, बंधुवर्गावर प्रीती करा, देवाचे भय धरा, राजाचा मान राखा. 'सर्वांना' आणि 'राजाला' क्रियापद एकच, 'तिमाओ'. भय मात्र फक्त देवाचे. राजाला मिळतो तो मान रस्त्यावरच्या कोणत्याही माणसाला मिळायचाच आहे. मराठीत 'मान देणे' आणि 'मान तुकवणे' यांत जे अंतर आहे, ते इथे नेमके कामी येते.

तिसरा प्रश्न:
अधिकारी जुलमी असला तरी?

उत्तर:
रोमकरांस पत्र साधारण इ.स. ५७ च्या सुमाराचे, म्हणजे नीरोच्या कारकिर्दीतले (५४ ते ६८). पौलासमोर कोणी आदर्श राजा नव्हता. दुसऱ्या शतकात स्मुर्ण्याचा बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात हा फरक प्रत्यक्ष दिसतो. देवाने नेमलेल्या अधिकाऱ्यांना योग्य तो मान द्यायला आम्हांला शिकवले आहे, असे तो रोमी प्रांताधिकाऱ्याला सांगतो. आणि कैसराच्या, म्हणजे रोमी सम्राटाच्या, नावाने शपथ घ्यायला साफ नकार देऊन मरण पत्करतो. १९३४ मध्ये चर्चमधल्या नाझी हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या जर्मन ख्रिस्ती मंडळींनी काढलेल्या बार्मेन घोषणापत्राच्या पाचव्या कलमाला आधार म्हणून 'देवाचे भय धरा, राजाचा मान राखा' हेच वचन घेतले आहे. राज्यसंस्थेने माणसाच्या सबंध जीवनावर हक्क सांगू नये, हे त्या कलमाचे म्हणणे. नाझी सत्तेसमोर हे म्हणणे सोपे नव्हते.

आणि कृत्ये २३ वाचा. यहूदी न्यायसभेपुढे महायाजक (मुख्य धर्मगुरू) हनन्या पौलाच्या तोंडात मारायला सांगतो, तेव्हा पौल त्याला 'चुना लावलेली भिंत' म्हणतो. हा महायाजक आहे असे कळताच तो मोशेच्या नियमशास्त्राचे वचन काढतो: आपल्या लोकांच्या अधिकाऱ्याविरुद्ध वाईट बोलू नको. तो आवरतो ती जीभ. नियमशास्त्राविरुद्ध मला मारायला सांगतोस, ही तक्रार मात्र तो मागे घेत नाही.