स्कॅलेशियाचं अख्खं जंगल एकदम कसं काय मरतं?

झाडवेडी
पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरच्या स्कॅलेशियाबद्दल वाचतेय सध्या आणि डोक्यातून जातच नाहीये. सूर्यफुलाच्या कुळातला हा वनस्पतींचा वंश, १५ च्या आसपास प्रजाती आणि सगळ्या फक्त त्याच बेटांवर, जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. बऱ्याचशा झुडपंच आहेत पण पेडनक्युलाटा ही प्रजाती चांगली १५ मीटरपर्यंत वाढते आणि तिचं दाट जंगल होतं. आता माझा प्रश्न, १९८२-८३ च्या एल निन्योत (पॅसिफिकचं पाणी तापतं आणि तिकडे धो धो पाऊस पडतो तो काळ) सांताक्रूझ बेटावरची मोठी झाडं एकगठ्ठा मेली म्हणे. असं होत असेल तर ही प्रजाती आजवर टिकली कशी?

रानवाटा
तिची रीतच तशी आहे. लाकूड मऊ, वाढ भराभर आणि आयुष्य कमी, पंधरा-वीस वर्षांत झाड थकतं. सगळी एकाच वेळी उगवलेली म्हणजे सगळी एकाच वयाची, त्यात एल निन्योचा महिनोनमहिने पाऊस लागला की म्हातारी झाडं एकत्रच जातात. पण मग वरचं छत उघडतं, जमिनीवर ऊन पडतं आणि रोपांचा नुसता गालिचा उगवतो. त्या वेळीही मेलेल्या जंगलाच्या जागी नवं जंगल उभं राहिलं होतं.

झाडवेडी
अच्छा, म्हणजे काळजीचं कारण नाही?

कातळफूल
आहे ना, खूप आहे. आता छत उघडलं की स्कॅलेशियाच्या आधी तिथे ब्लॅकबेरी घुसते. रुबस निव्हियस, मूळची भारत आणि आसपासच्या आशियातली, फळांसाठी तिकडे नेऊन लावली आणि पक्ष्यांनी बिया सगळीकडे पसरवल्या. काटेरी जाळी माणसाच्या उंचीच्या वर जाते, खाली ऊनच पोचत नाही मग रोपं येणार कुठून? म्हातारी झाडं मरतायत आणि मागे पोरं नाहीत, खरं दुखणं हे आहे. त्यात सांताक्रूझवरचं बहुतेक जंगल शेतीसाठी आधीच साफ झालंय, उरलेले तुकडे तिथल्या लॉस हेमेलोस या जुळ्या खड्ड्यांच्या आसपास बघायला मिळतात.

रानवाटा
+१. आणि ब्लॅकबेरी नुसती उपटून भागत नाही, मातीत बियांचा एवढा साठा असतो की परत परत साफ करत राहावं लागतं. शिवाय झुडपं काढली की किडेही कमी होतात आणि तिथल्या फिंच पक्ष्यांना पिल्लांसाठी खाणं कमी पडतं, त्यामुळे पक्ष्यांची वीण बघूनच काम करायला हवं. तरी मला आशा वाटते, कारण साफ केलेल्या जागी स्कॅलेशियाची रोपं खरंच परत येतात.

कातळफूल
सँतियागो बेटावरची अ‍ॅट्रॅक्टिलॉइडिस प्रजाती पण वाच झाडवेडी. शेळ्यांनी ती जवळजवळ संपवलीच होती, उरलेल्या थोड्या झाडांना कुंपणं घालून जगवलं आणि मग बेटावरच्या सगळ्या शेळ्याच काढून टाकल्या. स्कॅलेशियाच्या बियांना वाऱ्यावर उडायला पिसं नसतात त्यामुळे एका बेटावरून गेली की शेजारच्या बेटावरून आपोआप परत येईल असं नाही, म्हणून ती कुंपणं एवढी महत्त्वाची.