घटस्फोटाचा अर्ज दाखल झाल्यावर त्यात भर घालता येते का? (नाशिक)

निफाडची लेक:
नमस्कार. लग्न पिंपळगाव बसवंतला झालं, सासर सिन्नरचं. सध्या इंदिरानगरला आईकडे राहते, सातपूरला एका कंपनीत स्टोअर सांभाळते. माहेरी येऊन सव्वा वर्ष झालं तेव्हा नाशिकच्या कुटुंब न्यायालयात क्रूरतेच्या कारणावर घटस्फोटाचा अर्ज टाकला. समुपदेशनाच्या बैठकांत काही जमलं नाही. आता नवऱ्याची कैफियत, म्हणजे माझ्या अर्जाला लेखी उत्तर, आलीय आणि त्यात माझ्या चारित्र्यावर नको नको ते लिहिलंय, कंपनीतल्या एका सहकाऱ्याचं नाव घालून. वादमुद्दे, म्हणजे कोर्टाने कशाकशावर निर्णय द्यायचा ते प्रश्न, निघालेत. पुढची तारीख माझ्या सरतपासाच्या शपथपत्राची, म्हणजे माझी साक्ष लेखी देण्याची, आहे.

म्हणून अर्ज पुन्हा नीट वाचला. लग्नाची तारीख पहिल्या पानावर बरोबर आहे, पुढे चुकीची टाइप झालीय. माझ्या पाटल्या, तोडे, आईने केलेला राणीहार सासूबाईंच्या कपाटात आहेत. वकिलांना यादी दिली होती, अर्जात एक ओळ नाही. आणि अर्ज टाकल्यानंतर, दिवाळीच्या तोंडावर, नवरा कंपनीच्या गेटवर आला आणि शिफ्ट सुटताना सगळ्यांदेखत शिवीगाळ केली. वॉचमनने त्याला बाजूला नेलं.

वकील म्हणतात, "राहू द्या, पुराव्यात बोलू." मामा म्हणतात, आता वेगळं राहून दोन वर्षं उलटली, परित्यागाचं, म्हणजे जोडीदाराने सोडून दिल्याचं, कारणही घालून टाक. कुणाचं ऐकू?

सिडकोकर:
एवढ्या भानगडी असतील तर आहे तो अर्ज मागे घ्या आणि नवीन टाका. स्वच्छ काम.

निवृत्त कोर्ट कर्मचारी:
ताई, मागे अजिबात घेऊ नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी मिळत असेल तर ती याच प्रकरणाच्या आधारावर उभी आहे. प्रकरण संपलं की तीही थांबते. शिवाय नव्याने दाखल करायची परवानगी न घेता काढून घेतलं तर त्याच कारणावर परत येणं अवघड होतं.

मी वकील नाही. जिल्हा न्यायालयात नोकरी झाली, दुरुस्तीचे अर्ज रोज हाताखालून गेले. म्हणून कळकळीने सांगते, "पुराव्यात बोलू" यावर विसंबू नका. जे अर्जात नाही ते साक्षीत सांगितलं की उलटतपासणीत समोरचे वकील एवढंच विचारतात, "हे तुमच्या अर्जात कुठे लिहिलंय?" तुम्ही म्हणणार, "नाही लिहिलं." तेवढं नोंदलं गेलं की गेटवरचा खरा प्रसंगसुद्धा मागाहून रचलेला ठरवायला त्यांना वाव मिळतो. खरं बोलणाऱ्या बायका या एका प्रश्नावर गप्प झालेल्या मी पाहिल्यात, फार वाईट वाटायचं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १७ खाली दुरुस्ती मागता येते, कुटुंब न्यायालयातही. पण २००२ पासून त्याला एक अट आहे. सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल तर पुरेशी काळजी घेऊनही हे आधी मांडता आलं नसतं, हे कोर्टाला पटवावं लागतं. आणि सरतपासाचं शपथपत्र दाखल झालं की सुनावणी सुरू झाली, असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये म्हटलंय. तुमचं शपथपत्र अजून गेलेलं नाही. दुरुस्तीचा अर्ज त्याच्या आधी गेलाच पाहिजे.

तारखेची चूक सहज निघते. गेटवरचा प्रसंग नंतर घडलेला, तोही घेतील. दागिन्यांसाठी नुसता उल्लेख नको, परत मिळण्याची मागणी विनंतीच्या परिच्छेदात हवी. मागितलेलंच नसेल तर कोर्ट देणार कुठून? वजन, घडण, कुणी घातले, सगळं लिहा.

कैफियतीतले आरोपही दुरुस्तीत घ्या, क्रूरता म्हणून. सुप्रीम कोर्टाचा २००३ चा निकाल आहे. नवऱ्याने कैफियतीत बायकोच्या चारित्र्यावर आरोप केले आणि पुढे दुरुस्ती करून ते काढूनही टाकले, तरी ती क्रूरताच धरली गेली.

मामांचं मात्र ऐकू नका. परित्यागाची सलग दोन वर्षं अर्ज दाखल केला त्या दिवशी पूर्ण असावी लागतात. तेव्हा तुमचं सव्वा वर्ष होतं. नंतर लोटलेला काळ जुन्या अर्जात मोजत नाहीत. त्या कारणासाठी वेगळा अर्ज करता येतो, वकिलांशी बोला.

मंजुरी मिळाली म्हणजे काम झालं असंही नाही. मूळ अर्जावर दुरुस्ती प्रत्यक्ष चढवावी लागते. आमच्याकडे वकील टेबलाशी उभे राहून समासात लाल शाईने लिहायचे, खाली सही आणि तारीख. आदेशात मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत. मंजूर झालेल्या आणि तशाच पडून राहिलेल्या दुरुस्त्या कमी नव्हत्या. स्वतः जाऊन फाईल बघा.

नाशिकरोडची वाचक:
माझी दुरुस्ती मंजूर झाली, पण कोर्टाने मला समोरच्यांना खर्चापोटी काही रक्कम द्यायला लावली. त्यांना जादा कैफियत द्यायची संधी मिळते, त्यात तारखा जातात. तयारी ठेवा. तरी मी म्हणेन कराच. मुलीच्या शाळेच्या फीची मागणी मला त्यातूनच घालता आली.

निफाडची लेक:
खूप आभार. दोन शंका. गेटवरच्या प्रकाराचा व्हिडिओ वगैरे नाही, फक्त वॉचमन आणि दोन मैत्रिणी होत्या. तरी लिहू? आणि वकील नाहीच म्हणाले तर?

निवृत्त कोर्ट कर्मचारी:
लिहा. दुरुस्ती मंजूर करताना ती घटना खरी की खोटी हे कोर्ट तपासत नाही, ते पुराव्याच्या वेळी. वॉचमन आणि मैत्रिणींची नावं लक्षात ठेवा, साक्षीदारांच्या यादीत लागतील. अंदाजे म्हणून भलती तारीख टाकू नका. त्या आठवड्याचं हजेरीपत्रक कंपनीकडून मिळालं तर दिवस नक्की करता येईल.

वकिलांना आधी लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर चालेल: "मला या दुरुस्त्या करायच्या आहेत, शपथपत्राच्या आधी अर्ज द्यावा." नाहीच ऐकलं तर त्यांची ना-हरकत घेऊन दुसरं वकीलपत्र देता येतं. पैशाची अडचण असेल तर सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जाताना अर्जाची, कैफियतीची आणि वादमुद्द्यांची प्रत न्या. दागिन्यांच्या पावत्या नसतील तर लग्नातले अंगावर दागिने असलेले फोटो काढून ठेवा.

निफाडची लेक:
फोटो आहेत, मामाकडे अल्बम आहे. उद्या अर्धी रजा टाकून वकिलांकडे जाते.