अलॉयवर ॲसिड नकोच
कोणीतरी कारच्या अलॉय व्हीलवरचे, म्हणजे मिश्रधातूच्या चाकांवरचे काळे डाग ॲसिडने काढायला सांगितलंय, ते कृपया मनावर घेऊ नका. या चाकांवर क्लिअर कोट असतो, म्हणजे रंगावरचा पारदर्शक लॅकरचा थर. ॲसिडने तो पांढुरका पडतो, आणि एकदा गेला की पॉलिशने परत येत नाही. कोथरूडला एका वॉशिंग सेंटरवर माझ्या पुढच्या डाव्या चाकाचं हेच झालं. नटांभोवतीचे दुधाळ ओघळ अजून तसेच आहेत.

सिंहगडाचा घाट उतरलात की ब्रेकची धूळ, म्हणजे लोखंडाचे तापलेले कण, चाकाला चिकटते. चाक हाताला गार लागेपर्यंत थांबा, मग भरपूर पाणी, कार शॅम्पू, मऊ ब्रश. चाकांसाठी बादली वेगळी ठेवा, नाहीतर तीच खरखरीत धूळ बॉडीवर ओरखडे पाडते. पूर्ण वाळल्यावर सीलंट, म्हणजे चाकावर संरक्षक थर देणारं द्रव्य, लावलं की पुढची धूळ नुसत्या पाण्यानेही बरीच सुटते.