मदत हवी आहे: जुन्या फास्ट वाइड लेन्स (२४ / २८ मिमी, एफ/२) घ्याव्यात का?

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

माझ्याकडे सोनी ई माउंटची फुल फ्रेम मिररलेस बॉडी आहे, २४ मेगापिक्सेल, स्टॅबिलायझेशन बॉडीतच. मी मुख्यतः दोन गोष्टींचे फोटो काढते. एक म्हणजे नाटकाच्या तालमी, तिथे छताला एकदोन बल्ब आणि बाकी अंधार, फ्लॅश मारायचा प्रश्नच नाही कारण समोरच्याची तंद्री मोडते. दुसरं रात्रीचं आकाश. दोन्हीकडे वाइड लागते आणि दोन्हीकडे प्रकाशाची बोंब, त्यामुळे गेले काही महिने जुन्या मॅन्युअल लेन्सच्या मागे लागलेय. निक्कोर २४ एफ/२ आणि २८ एफ/२, ऑलिंपस झुइको २८ एफ/२, मिनोल्टा २८ एफ/२, एवढी नावं डोक्यात आहेत (पहिला आकडा मिलिमीटरमधला, तो लहान तितकी लेन्स वाइड; एफचा आकडा लहान तितकं अ‍ॅपर्चर, म्हणजे आतलं भोक, मोठं आणि प्रकाश जास्त). कॅननची एफडी २४ एफ/१.४ एल पण बघितली, पण ती माझ्या आवाक्याबाहेर आहे, सोडून दिली.

आता मुद्दा. एका मैत्रिणीने तिच्या काकांची निक्कोर २८ एफ/२ आठवड्यासाठी वापरायला दिलीय. हातात घेतल्यावरच प्रेमात पडले, फोकस रिंग अशी फिरते की मोटरवाल्या लेन्सवर परत जाववत नाही. तालमीत एफ/२ वर चेहरा मधोमध ठेवून काढलेला फोटो मला खरंच आवडला, पापणीचा केस न् केस दिसतोय पण त्वचेवर एक मऊपणा आहे. पण त्याच फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात बल्ब आलाय, त्याला दोन्ही बाजूंनी पक्ष्यासारखे पंख फुटलेत, आणि मागचा काळा पडदा काळा राहिलाच नाही, राखाडी धुरकट झालाय. एफ/२.८ ला पडदा काळा झाला, एफ/४ ला पंख जवळजवळ गेले. मग आकाशावर लावली तर तिथे तेच, मधले तारे टिंबासारखे आणि कडेचे सगळे छोटे छोटे पंखवाले.

म्हणजे ज्या एफ/२ साठी जास्त पैसे मोजायचे तेच या लेन्सचं सगळ्यात कच्चं अंग आहे. ताऱ्यांसाठी एफ/४ वरच जावं लागत असेल तर दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), २८ मिमीला साधारण १७-१८ सेकंदांच्या पुढे तारे ओढले जातात त्यामुळे वेळ वाढवता येत नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चौपट करावा लागतो. मग त्यापेक्षा निक्कोरचीच २८ एफ/२.८ एआय-एस का घेऊ नये, जिचं सगळेच कौतुक करतात, जी २० सेंमीपर्यंत जवळ फोकस करते आणि बाजारात सहज सापडते? एफ/२ आणि एफ/२.८ मध्ये फरक एका स्टॉपचा, ३२०० ऐवजी ६४०० आयएसओ. आजच्या सेन्सरवर तो मला चालतो.

थोडं वाचल्यावर कारण पटलं. एसएलआरमध्ये आरसा हलायला जागा लागते, निकॉन एफ माउंटला फिल्मपासून ४६.५ मिमी अंतर, त्यामुळे २४ किंवा २८ ची लेन्स उलट्या टेलिफोटोसारखी, म्हणजे रेट्रोफोकस पद्धतीने बांधावी लागायची, पुढे मोठी निगेटिव्ह काच लावून. त्यात अ‍ॅपर्चर मोठं केलं की कडेचा कोमा (ताऱ्यांना फुटणारे तेच पंख) आवरणं कठीण, आणि ॲस्फेरिकल (हा दोष कमी करणारी, गोलाकार नसलेल्या वक्राची) काच तेव्हा फारच महाग पडायची. आणि हो, आपल्या मिररलेसवर जुनी लेन्स जोडायला मागे अ‍ॅडॉप्टरची अख्खी नळी येते, म्हणजे लेन्स छोटी असण्याचा फायदाही बराचसा गेला.

पण एक शंका अशी आहे की दोष सगळा लेन्सचा नसावा. या लेन्समध्ये सीआरसी आहे, म्हणजे फोकस रिंगबरोबर आतल्या काचांचं आपसातलं अंतरही बदलतं. माझा अ‍ॅडॉप्टर स्वस्तातला आहे आणि किंचित बुटका असावा, कारण तारे फोकसमध्ये येतात तेव्हा रिंग अनंताच्या खुणेवर नसते, तीन-चार मीटरच्या आसपास असते. म्हणजे आतल्या काचा तीन-चार मीटरच्या हिशोबाने बसल्यात आणि मी तारे काढतेय! यामुळे कोपरे बिघडत असतील का? कोणी चांगला अ‍ॅडॉप्टर लावून किंवा पातळ शिम (अंतर वाढवणारी चकती) घालून फरक बघितलाय का? हा माझा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

बाकीचे प्रश्न:
झुइको किंवा मिनोल्टा एफ/२ वर निक्कोरपेक्षा कडेला बरी आहे का? स्वतः वापरलेल्यांनीच सांगा प्लीज, चार्ट मी बघितलेत.
आकाशासाठी नवीन मॅन्युअल लेन्स, उदा. सॅमयांग २४ एफ/१.४, आणि तालमीसाठी जुनी एफ/२.८, अशी वाटणी कोणी केलीय का?

भर घालतेय: तिघांनी विचारलं म्हणून. हो, टॉर्च मारून बघितली. मागून उजेड टाकल्यावर फंगसचे जाळ्यासारखे धागे कुठे नाहीत, पण मधल्या एका काचेवर पातळ दुधाळ थर दिसतो, म्हणजे हेझ आहेच, पडद्याचा धुरकटपणा बहुधा त्यातूनच आलाय. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नाही. चारही कोपऱ्यांत तोच तारा ठेवून बघितला, पंख सगळीकडे सारखेच आहेत, त्यामुळे काच तिरकी बसली असेल असं वाटत नाही. कोपऱ्यावर झूम करून तिथेच फोकस केला तर तारा थोडा बारीक झाला पण पंख गेले नाहीत, म्हणजे नुसतं फील्ड कर्व्हेचर (मधला आणि कोपऱ्यातला फोकस वेगळ्या अंतरावर पडणं) नाही.

लेन्स रविवारी परत द्यायचीय. एक मित्र तोवर त्याचा चांगला अ‍ॅडॉप्टर देतोय. एफ/२ वर तेच आकाश परत काढणार आहे, त्याशिवाय अजून काय तपासून बघू?