'विश यू वेअर हिअर' नक्की कोणासाठी? गेलेल्या सिडसाठी, की खोलीत बसलेल्यांसाठी?

सहावी_तार (रत्नागिरी)

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या या गाण्यावरून आमच्या ग्रुपमध्ये सध्या जुंपली आहे. मला नुसतं जिंकायचं नाही, गाणं समजून घ्यायचं आहे, म्हणून इथे मांडते.

आम्ही चौघं. मिरकरवाड्यात बर्फाच्या गोदामावर एक खोली मिळाली आहे, तिथे तालीम करतो. ड्रमर ट्रॉलरवर इंजिन सांभाळतो, त्यामुळे जून-जुलैची मासेमारी बंदी हाच आमचा खरा सीझन. गणपतीत एका मंडळाने आम्हाला एक संध्याकाळ दिली आहे. आमच्या गायकाला हे गाणं "आज आपल्यात नसलेल्यांसाठी" असं जाहीर करून, दिवे मंद करून, हळू लयीत गायचं आहे. त्याचा जवळचा मित्र गेल्या वर्षी गेला, त्याचं दुःख मला दिसतं. पण हे गाणं श्रद्धांजलीचं आहे हे मला पटत नाही.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सिड बॅरेट हा या बँडचा पहिला गायक आणि गीतकार. मन बिघडत गेलं आणि १९६८ मध्ये तो बँडबाहेर पडला. १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ने बाकीच्यांना अफाट यश दिलं. त्यानंतरचा अल्बम म्हणजे सप्टेंबर १९७५ मध्ये आलेला 'विश यू वेअर हिअर'. हे त्याच नावाचं गाणं त्यातलं. शब्द रॉजर वॉटर्सचे, आवाज डेव्हिड गिल्मरचा, दोघं बँडमधलेच. "तू इथे असायला हवा होतास", म्हणजे सिड, असं सगळे मानतात.

आता शब्द बघा. शीर्षकाची ओळ येते पार शेवटी. त्याआधी दोन कडवी आहेत आणि त्यांत फक्त प्रश्न आहेत. स्वर्ग आणि नरक तुला वेगळे ओळखता येतात असं वाटतं का? निळं आकाश आणि वेदना? हिरवं शेत आणि थंड पोलादी रूळ? मग दुसरं कडवं: त्यांनी तुला सौदा करायला लावला का? वीरांच्या बदल्यात भुतं घेतलीस का? युद्धातली किरकोळ भूमिका सोडून पिंजऱ्यातली मुख्य भूमिका पत्करलीस का?

हे कोणाला विचारायचं? ज्याचा तोल गेला, जो सगळं सोडून केंब्रिजला आईच्या घरी परतला, त्याला? त्याने कुठला सौदा केला? सौदा केला तो मागे राहिलेल्यांनी. मुख्य भूमिका त्यांच्याकडे होती, पैसा आणि स्टेडियमं त्यांच्याकडे होती. आणि शेवटच्या कडव्यात "तू"चा "आपण" होतो. आपण दोघं भरकटलेले जीव, माशांच्या काचेच्या भांड्यात पोहतोय, वर्षानुवर्षं त्याच जमिनीवर धावतोय, सापडलं काय तर तीच जुनी भीती. शोक करणारा माणूस काठावर उभा असतो. हा गाणारा त्याच पाण्यात आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की इथे गैरहजर आहेत ते खोलीत बसलेलेच, म्हणजे मागे राहिलेला बँडच. पटतं का कोणाला?

रेवदंडा_७५

अजिबात पटत नाही, आणि मी हा अल्बम कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून कॅसेट आणली होती, ती अजून कपाटात आहे.

सिडला बाजूला काढून या अल्बमला अर्थच उरत नाही. सुरुवातीला आणि शेवटाला 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' आहे, ते तर उघड उघड त्याच्यावर. जून १९७५ मध्ये त्याच गाण्याचं मिक्सिंग चालू असताना अ‍ॅबी रोड स्टुडिओत एक जाडा, टक्कल केलेला, भुवयासुद्धा काढलेला माणूस येऊन उभा राहिला आणि या लोकांनी त्याला ओळखलंच नाही. तो सिड होता. वॉटर्सला रडू कोसळलं. २ जुलै २००५ ला लाइव्ह एटच्या कार्यक्रमात बँडमधले चौघं कित्येक वर्षांनी एकत्र उभे राहिले, तेव्हा याच गाण्याआधी वॉटर्सने सांगितलं की इथे नसलेल्या सगळ्यांसाठी, आणि विशेष करून सिडसाठी. गिल्मरही म्हणत आलाय की हे गाताना सिड आठवल्याशिवाय राहत नाही.

लिहिणारा आणि गाणारा दोघं एक माणूस दाखवतायत, आणि आपण म्हणायचं की नाही, तो नव्हेच? तुमच्या गायकाचं बरोबर आहे, ताई. ज्याचं माणूस गेलंय त्याला हे गाणं लगेच कळतं, त्याला कडवी उलगडून दाखवावी लागत नाहीत.

सहावी_तार

रेवदंडा, तुमचे सगळे मुद्दे मान्य, पण ते माझ्या विरोधात जात नाहीत. 'शाइन ऑन' सिडवर आहे यात वादच नाही. फक्त ते त्याच्या त्या भेटीनंतर सुचलं अशी जी गोष्ट सांगितली जाते ती खरी नाही, १९७४ च्या दौऱ्यांत ते वाजत होतं.

त्या अल्बममध्ये मध्ये काय आहे तेही बघा. 'वेलकम टू द मशीन' आणि 'हॅव अ सिगार'. दोन्ही धंद्यावर. दुसऱ्यात तर रेकॉर्ड कंपनीचा माणूस प्रेमाने विचारतो की तुमच्यातला पिंक कोण? (पिंक नावाचं बँडमध्ये कोणीच नाही.) वॉटर्सनेच सांगितलंय की त्या काळात स्टुडिओत कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं, सगळं यंत्रासारखं चाललं होतं, म्हणून त्याने अल्बमच त्या अवस्थेवर बेतला. कव्हर आठवा: दोन सुटाबुटातली माणसं हस्तांदोलन करतायत आणि एक पेटलेला आहे. खरा पेटलेला, स्टंटमॅन होता तो. वाऱ्याने ज्वाळा तोंडावर आली आणि त्याची मिशी जळाली. एवढं करून काढलेलं चित्र काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकलं! हात हातात आहे आणि माणूस जागेवर नाही, असा सगळा अल्बम आहे. हे गाणं त्यातून उचलून एकट्या सिडच्या फोटोला हार म्हणून घालता येत नाही.

पेट्रोलमन_उक्षी

ताई, मला फ्लॉइडचा इतिहास माहीत नाही. पोराने मोबाइलवर गाणं लावलं आणि अर्थ सांगितला, त्यात शेत आणि रूळ आला म्हणून लिहितो. मी कोकण रेल्वेत रुळावर काम करतो. पावसाळ्यात रात्री हातात दिवा, लाल झेंडी, रुळावर लावायचे फटाके घेऊन ठरलेल्या टप्प्यात चालायचं, डोंगर कापून केलेल्या कटिंगमध्ये दरड हलली का बघायचं.

शेत आणि रूळ ओळखता येतात का? मला येतात. आमच्या भाताच्या खाचरांतूनच रूळ गेला. १९९० नंतर जमिनी घेतल्या, १९९८ ला गाडी पूर्ण मार्गावर धावायला लागली, आणि जमीन गेलेल्या घरातला म्हणून मला नोकरी लागली. आता या गाण्यात तो विचारतो की तुला सौदा करायला लावला का. हो, केला. वडिलांनी रात्रभर विचार करून केला. त्या नोकरीवर दोन बहिणींची लग्नं झाली, पोरगा डिप्लोमा करतोय. शेत गेल्याचं वाईट वाटतं का? लावणीच्या दिवसांत वाटतं. फसलो असं वाटतं का? नाही. गाण्यातला रूळ थंड आहे, आमचा एप्रिलात हात लावू देत नाही. थंड रूळ हा खिडकीतून बघणाऱ्याचा.

दुसरं. पोराने ओळी वाचून दाखवल्या त्यात गरम राखेच्या बदल्यात झाडं असं आहे. म्हणजे राख दिली आणि झाडं मिळाली. तसंच गरम वारा दिला आणि गार झुळूक मिळाली. हे तोट्याचे सौदे कसे? आमच्याकडे तर दोन्ही बाजूंनी चालतं. कवळ म्हणजे झाडांच्या फांद्या तोडायची, ती जमिनीवर पसरून राब भाजायचा, त्या राखेत भाताचा दाढ, म्हणजे रोपं, काढायचा. झाड देऊन राख घेतली म्हणून कोणी रडत नाही, त्याशिवाय रोप चांगलं येत नाही.

तुम्ही सगळे म्हणताय की तो सौदा करणाऱ्याला दोष देतोय. मला तसं ऐकू आलं नाही. तो विचारतोय.

सहावी_तार

दादा, तुमचा प्रतिसाद मी काल तालमीत मोठ्याने वाचून दाखवला. ड्रमर म्हणाला, परत वाच.

तुम्ही राखेचं जे दाखवलंत ते मी इतकी वर्षं गात असून कधी धरलं नव्हतं. मी सगळी यादी एकाच सुरात घेत होते, सगळीकडे नुकसान. पण वीर देऊन भुतं घेतली हे नुकसान, राख देऊन झाडं घेतली हा फायदा, आणि पिंजऱ्यातली मुख्य भूमिका हा फायद्यासारखा दिसणारा तोटा. कवीने त्यांची सरमिसळ करून ठेवली आहे. मग पहिलं कडवं आणि दुसरं कडवं एकच गोष्ट विचारतात: तुला फरक कळतो का? आधी शेत आणि रुळातला, मग बऱ्या सौद्यातला आणि वाईट सौद्यातला. उत्तर तो देत नाही, कारण त्यालाही येत नाही. म्हणून तर पुढे "आपण" येतं.

कुडाळचो_झील

माझो बापूस दशावतारात होतो. राजाचो पार्ट तेका कधी गावलो नाय. बाकीचं सगळ्यांना कळावं म्हणून नेहमीच्या मराठीत लिहितो.

किरकोळ भूमिका आणि मुख्य भूमिका यावर कोणीच थांबलं नाही, आणि मला ती ओळ सगळ्यात मोठी वाटते. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, संवाद तिथल्या तिथे. जत्रेत मध्यरात्रीनंतर युद्धाचा प्रवेश आला की दोन वाक्यांसाठी आलेल्या सैनिकानेही असा सवाल टाकावा की राजाला खरंच विचार करून उत्तर द्यावं लागतं. बाबांनी एकदा राजाला असं अडवलं होतं की पेटीवाल्याने सूर धरून ठेवला आणि सगळी जत्रा थांबून ऐकत राहिली. आमच्याकडे म्हणतात, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. पेटारा सगळ्यांनीच उचलायचा असतो, राजानेही. ते युद्ध खरं असतं कारण समोर कोणीतरी असतं. पिंजऱ्यातल्या राजासमोर कोण आहे? टाळ्या वाजवणारे. उलट सवाल करणारं कोणी नाही.

म्हणून मला वाटतं, "तू इथे असायला हवा होतास" याचा अर्थ समोर उभा राहून मला अडवणारा कोणी हवा होता. सिड तसा असेलही. पण हाक त्या जागेसाठी आहे.

बारातारी (चिपळूण)

शब्दांवर खूप झालं, सुरुवातीच्या वादनावर कोणी बोललं नाही! मी साउंडचं काम करतो, म्हणून एवढंच.

आधी रेडिओचं बटण फिरवल्याचा आवाज येतो, त्यात चायकॉव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा लागतो आणि जातो. मग बारा तारांची गिटार, बारीक, खरखरीत, गाडीच्या रेडिओतून यावी तशी. थोड्या वेळाने तिच्यावर दुसरी गिटार येते, ती जवळची, भरलेली, बोटांची घसर ऐकू येणारी. कल्पना अशी की कोणीतरी आपल्या खोलीत बसून रेडिओबरोबर वाजवतोय. दोन्ही गिल्मरच्याच. म्हणजे शब्द सुरू होण्याआधीच एक माणूस समोर नसलेल्या माणसाबरोबर जुगलबंदी करतोय, आणि तो समोर नसलेला माणूसही तो स्वतःच आहे. रेवदंडा आणि सहावी तार, दोघांचंही भांडण त्या पहिल्या मिनिटात आहे.

स्तेफान ग्रापेल्ली हा मोठा व्हायोलिनवादक तेव्हा अ‍ॅबी रोडच्याच इमारतीत येहुदी मेन्युहिन या दुसऱ्या व्हायोलिनवादकाबरोबर रेकॉर्डिंग करत होता. त्याला बोलावून या गाण्यावर वाजवून घेतलं आणि अंतिम मिक्समध्ये ते इतकं खाली दाबलं की ऐकू येत नाही. २०११ च्या आवृत्तीत ते मोकळं ऐकायला मिळालं. सुंदर आहे. पण मूळ गाण्यात नाही तेच बरं, तिसरा माणूस आला असता तर ती दोघांची खोली राहिली नसती.

रेवदंडा_७५

बारातारी, हे आवडलं. माझं मत तरी तेच. २००५ ला वॉटर्स सिडचं नाव घेऊन गायला, आणि पुढच्याच वर्षी जुलैत सिड गेला. ते मला विसरता येत नाही.

सहावी_तार

विसरू नका, रेवदंडा. वॉटर्सने सिडचं नाव घेतलं तसंच हेही सांगितलंय की ही गाणी तो स्वतःला उद्देशून लिहितो, पिंजऱ्यातली मुख्य भूमिका घेऊ नकोस, युद्धातल्या छोट्या भूमिकेसाठी उभा राहत जा, हे स्वतःला बजावण्यासाठी. दोन्ही त्याचंच म्हणणं आहे. गाताना मात्र एक सूर निवडावा लागतो, आणि मी प्रश्नाचा निवडणार.

गायकाशी बोलणं झालं. आधी घोषणा नाही, दिवे मंद करायचे नाहीत, लय मूळचीच. पहिली दोन कडवी तो समोर बसलेल्या लोकांकडे बघून विचारणार, आणि "आपण" आलं की आम्हा तिघांकडे वळणार. मित्राचं नाव घ्यायचं की नाही ते त्याच्यावर सोडलं आहे, घ्यायचं तर गाणं संपल्यावर. त्याने कुडाळकरांचा प्रतिसाद वाचला आणि म्हणाला, तो असता तर याच ओळीवर माझ्याशी भांडला असता.

बारातारी, रेडिओवाली गिटार मंडपात कशी करू? आधी रेकॉर्ड करून मोबाइलच्या स्पीकरवर लावायची आणि त्याला माइक धरायचा, की सरळ मिक्सरवर खालचे-वरचे सूर कापायचे? मंडप पत्र्याचा आहे, आणि पाऊस असणारच.

बारातारी (चिपळूण)

पत्रा असेल तर मोबाइलचा नाद सोडा, पावसाच्या आवाजात काहीच पोचणार नाही. मिक्सरवर बेस पूर्ण काढा, वरचे सूरही अर्धे उतरवा, मधले वाढवा आणि एकाच बाजूच्या स्पीकरमधून सोडा. तुमची गिटार दुसऱ्या बाजूला.