गोकाक धबधबा: उन्हाळ्यात नको

मे महिन्यात बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला धबधबा बघायला जाऊ का, असं एकानं विचारलंय. अजिबात नको. मागच्या मे मध्ये पाहुण्यांना हौसेनं नेलं, तर घटप्रभा नदीच्या जागी नुसता तांबूस कातळ! पावणी म्हणाली, "धबधबा कुठाय, वहिनी?" माझं तोंड बघण्यासारखं झालं.

जुलै-ऑगस्टात जा. गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली कोसळतं, चष्म्यावर तुषार बसतात. पलीकडे जायला झुलता पूल आहे, पण पुरात तो बंद असला तर हुज्जत घालू नका. चालुक्यकालीन महालिंगेश्वर मंदिर मात्र निवांत बघा, बहुतेक जण सेल्फी काढून तसेच परततात. येताना करदंट, म्हणजे तिथली डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, घ्यायचं, हे बेळगावकरांना सांगायला नकोच.